अकराव्या पानावरची मोकळी जागा

वहिनी, शेट्ये सर, आणि पाध्ये सरांच्या शोकसभेला हॉलभर जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येत नाही. आज येत नाही असं नव्हे, कधीच येत नाही. मी टायपिस्ट. एस.टी. स्टँडसमोरच्या टायपिंग क्लासातली सावंतबाई. बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, पण तो कागद पिशवीतच ठेवला. पिशवीत पाध्ये सरांचाही एक कागद आहे. भीती त्याची वाटते आहे.

सहा वर्षं सरांचे पदार्थविज्ञानावरचे इंग्रजी लेख मी टाइप केले. कळत काही नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, "सर, हे आहे तरी काय?" सर राजापूरकडचे. शिमग्यात गावच्या पालखीला खांदा द्यायला न चुकता जायचे. मला म्हणाले, "सावंतबाई, पालखी नाचते ती कोण नाचवतो?"

मी म्हटलं, "भोई."

"कुठला भोई?"

"एक कसा सांगू? सगळेच."

"हां! धातूतले इलेक्ट्रॉन तसेच. एकट्याचं काम नाही ते. सगळे मिळून डोलतात. आता अ‍ॅल्युमिनियमवर पोटॅशियमचा थर द्यायचा, अणूंच्या दोन-तीन ओळींएवढा पातळ. तिथे कसे डोलतील?"

"वरचे डोलतील की खालचे?" मी विचारलं.

सर केवढ्याने हसले. "अहो, ह्याच्यावरच तर माझे केस गेले!"

हसले, पण शेवटचं वर्षभर ते काळजीत होते. या डोलण्याच्याही लाटा असतात म्हणे. लाट आखूड होत गेली की डोलणं जलद होतं की संथ? जलद असेल तर समीकरणात अधिक. संथ असेल तर वजा. एक चिन्ह, बस. जुन्या हिशेबानं तिथे अधिक येतं. सरांना वजा येत होतं. पुन्हा मांडलं, पुन्हा वजा. झोप उडाली होती त्यांची. खरं ना वहिनी?

माझ्या मशीनवर ग्रीक अक्षरं नाहीत. तिथे मी जागा सोडायची आणि सर पेनानं भरायचे. पहिल्याच वर्षी एका ठिकाणी त्यांचं अक्षर लागेना. मी आपलं अधिक टाकलं. मोकळं वाईट दिसतं म्हणून! सर ते पान घेऊन परत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बाई, माहीत नसेल तिथे मोकळं सोडायचं. मोकळी जागा म्हणजे चूक नव्हे."

गेल्या बुधवारी दुपारी सर आले. लेख पूर्ण झाला होता, फक्त अकराव्या पानावर ते चिन्ह राहिलं होतं. मी एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, सोडलं होतं. म्हणाले, "तीन सोडा. खाडाखोड झाली तर जागा हवी." मग दारापर्यंत गेले, परत वळले. "वजाच दिसतंय हो. पण टाकू नका. मंगळवारी मुंबईला जातोय, तिथल्या संगणकावर ताळा करून घेतो."

गुरुवारी सकाळी सर कॉलेजच्या जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत.

काल शेट्ये सर माझ्याकडे आले. सरांचे विभागप्रमुख, सरांचे मित्र. डोळे सुजलेले. म्हणाले, "बाई, लेख उद्या पोस्टात पडायला हवा. अधिक टाका, पुस्तकात तेच आहे. पाध्यांचं नाव छापून येऊ दे. वहिनींच्या हातात काहीतरी देता येईल." किती मायेनं म्हणाले! मी हो म्हटलं. मशीनवर पान चढवलं. बोट ठेवलं. आणि दाबवेना.

रात्रभर विचार करतेय, मी कोण? मॅट्रिक झालेली बाई. सरांचं ते बुधवारचं वाक्य माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. मी गप्प बसले तर अधिक जाईल. मी वजा टाकलं तर तेही त्यांनी सांगितलेलं नव्हे. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर? आणि त्यांचा हिशेबच चुकला असेल तर? चार लोक सरांना हसतील, ते कुणाच्या माथी?

शेट्ये सर, तुम्ही मान हलवताय, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला इथून दिसत नाही. रागावू नका. पण त्यांच्या नावाखाली मी अधिक टाकणार नाही. वजाही टाकणार नाही. लेख उशिरा जाऊ दे. वहिनी, सरांच्या हिशेबाच्या त्या दोन निळ्या वह्या कपाटातच ठेवा, रद्दीत जाऊ देऊ नका. मंगळवारचं सरांचं एस.टी.चं तिकीट काढलेलं आहे. त्यांचे इथे बसलेले विद्यार्थी, कुणीतरी त्या वह्या घेऊन मुंबईला जा. ताळा करा. जे निघेल ते मी टाइप करीन. सर चुकले असं निघालं, तरी करीन. कुणी गेलं नाही तर मी जाईन, मला काही कळत नसलं तरी.

बोलले एकदाची.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. एरवी अशा वेळी ती मिनिटं मोकळी जाऊ नयेत म्हणून मी मनातल्या मनात काहीबाही पुटपुटत असते. आज नाही.

सर, जागा सोडली आहे. तीन घरं.