सेलच्या कांडीवर खंडोबा

नाय नाय, तुमीच सांगा पावणं, देव कधी कालिजच्या परीक्षेला बसतो का? आमच्या आळे गावातला बसला! सत्त्याण्णव साली. अन् बसवला कुणी, तर माझ्या पोरीनं, आरतीनं, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मला कोण इचारतंय!

तुमाला सांगतो, तिला प्रॅक्टिकलला इहिरीच्या पाण्यातलं मीठ मोजायचं व्हतं. त्याला म्हणं लागते कार्बनची कांडी, वर चांदी चढवलेली. कांडी काय, टॉर्चचा मेलेला सेल फोडला की निघाली. पण चांदी? तर घरातला खंडोबाचा जुना टाक, घासून घासून नाक-डोळं गेलेला, नदीत सोडायला काढून ठिवलेला... हिनं उचलला! कालिजातनं आणलेल्या औषधाच्या पाण्यात एका अंगाला टाक टांगला, दुसऱ्या अंगाला कांडी, बॅटरी जोडली, अन् खंडोबा निघाला की राव इकडनं तिकडं! टाक झिजत गेला, कांडी पांढरी व्हत गेली.

ते बघितलं झुंबरबाईनं. माझी थोरली बहीण, आमची आक्का, देव्हाऱ्याची मालकीण. म्हणलं आता बोंब मारती, तर हिनं कांडी उचलून देव्हाऱ्यात बसवली अन् हळदीची चिमूट उचलली! आरती वरडली, "आत्या, हळद नको! कांडी हाय ती!"

"अगं, टाकातला देव हिच्यात आला, तूच म्हणलीस ना? मग आता हलवायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी परीक्षा! मला कोण इचारतंय!

पण पोरगी इरेला पेटली. "नापास झाले तर तुमी माझं लगीन उरकून टाकणार, ठाऊक हाय मला! आत्या, माझ्या बापाच्या अपेंडिक्सला तू देव पाण्यात घातलं व्हतंस ना? मग माझ्या परीक्षेला का न्हाई?"

आक्का हळदीची बोटं पदराला पुसत म्हणली, "घालू. पण काम झाल्याबिगर देव भाईर काढायचा न्हाई. मी संगं येते."

अन् आली की! कालिजात, नऊवारीत, डोक्यावर पदर! परीक्षा घ्यायला आलेले पुण्याचे सायेब म्हणाले, "झालं, कांडी बाहेर काढा." आक्कानं भांड्यावर हात ठिवला. "आधी पास म्हण!"

"आजी, पास मी नाही, विद्यापीठ करतं."

"मग इद्यापीठाला बोलाव, मी बसलेय!"

सायबाला घाम फुटला. ते पोरीकडं वळले, "चांदी इतकी एकसारखी कशी चढली गं?" आरती ताठ मानेनं म्हणली, "करंट कमी ठेवला, सर. घाई केली की भुसभुशीत चढते, झडून जाते." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! सायेब हसले. "आजी, पास हो, पास! काढा आता देव!"

पेढं कुणी वाटलं? आक्कानं! "आमचा खंडोबा पास झाला!" आरतीनं भर चौकात सुनावलं, "देव पाण्यात बसला व्हता, उत्तरं मी दिली!"

ऐकतंय कोण... तवापासनं गावातलं एक पोर आरतीला इचारत नाय, अभ्यास कसा केलास म्हणून. सगळी झुंबरबाईच्या दारात हुभी, "आत्या, उद्या गणिताचा पेपर हाय, कांडी उसनी देता का?"