न मोजलेला पावसाळा

सन्माननीय अध्यक्ष संपतरावसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या शैलाताई, आणि निजामपुऱ्यातल्या या सभागृहात भर उन्हात आलेले सर्व स्नेही,

‘केम छो’ला आज ‘मजामां’ म्हणवत नाही. ताईंच्या शेजारच्या टेबलावर माझी सगळी नोकरी सरली. मन जड आहे.

नव्वदच्या दशकात कारखाने आले आणि शेजारच्या गावातल्या विहिरींचं पाणी पिवळं पडू लागलं. आमच्या छोट्याशा पाणी-तपासणी संस्थेतर्फे तिथे जात होत्या एकट्या शैलाताई. सगळे आकडे संगणकातल्या एकाच फाइलीत. पुढे ताई पायथन ही संगणकाची भाषा शिकल्या, तेही पन्नाशीत! नवे आकडे जुन्या फाइलीच्या शेवटी जोडणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. त्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण फाइल उघडायच्या आज्ञेत एक अक्षर चुकलं, तर भर पडण्याऐवजी मागचं सगळंच पुसलं जातं. ताई आधी प्रत काढत, शेवटची तारीख वाचत, मगच पुढचं जोडत. जुन्या आकड्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

मग गोविंदराव गेले, ताईंचे यजमान. पावसाळाभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत, आणि विहिरींवरही कोणी गेलं नाही. परतल्या तेव्हा, अध्यक्ष महोदय, रागावू नका, आपणच म्हणालात, “शैलाबाई, मधे सरासरी भरून टाका. कोण बघतंय?”

ताई म्हणाल्या, “साहेब, न मोजलेलं मी कसं लिहू?”

ते महिने कोरे ठेवून त्या पुढे जोडत गेल्या.

विहिरी नासवल्याची भरपाई म्हणून गावानं एका कारखान्याकडून नळाचं पाणी मागितलं, तेव्हा पुरावा म्हणून हीच फाइल होती. कारखान्याचे वकील म्हणाले, आकडे टेबलाशी बसून रचलेत. सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “हे काय?”

“माझे यजमान वारले होते. मोजायला गेले नाही.”

अधिकारी वकिलांकडे वळले. “रचणाऱ्यानं ही जागा सोडली असती का?”

निकाल गावाच्या बाजूनं लागला. ताईंना रडताना मी त्याच दिवशी पाहिलं, आणि मलाही आवरलं नाही.

त्या गावच्या पद्माबेन आज आल्या आहेत. मघाशी दारातच त्यांनी ताईंच्या हाती गावच्या नळाच्या पाण्याची बाटली दिली. ताईंनी सवयीनं तारीख लिहायला पेन काढलं.

“ना बेन,” पद्माबेन म्हणाल्या, “आ तपासवानुं नथी, पीवानुं छे.”

ताई उभ्या उभ्या ते पाणी प्यायल्या.

सर्वांचे मनापासून आभार. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला, अध्यक्षसाहेब, आपणही.