हरण्याचा शब्द

(इंग्लंडमधलं स्कारबेक गाव. क्रीडागृहातल्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीची मतमोजणी चालली आहे. शुक्रवारची दुपार. पक्षाचे निवडणूक प्रतिनिधी एड्रियन लेथम, उमेदवार विल्फ गार्बट आणि त्याची बायको पॉलीन.)

एड्रियन : पण तुम्ही मला शब्द दिला होता, मिस्टर गार्बट!

विल्फ : दिला होता की.

एड्रियन : काय शब्द दिला होता?

विल्फ : हरतो म्हणून.

एड्रियन : मग ते काय आहे? त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बघा. टॉलरसाहेबांच्या मतांची थप्पी कुठवर आलीय आणि तुमची कुठवर गेलीय!

पॉलीन : आवाज खाली घे बाळा, लोक बघतायत. आणि त्याच्यावर कशाला खेकसतोस? तूच सांगितलंस ना, कुणाचं दार वाजवायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, छातीवर फितीचं फूल लावून हिंडायचं नाही. सगळं ऐकलं त्याने. एवढा आज्ञाधारक विल्फ मी लग्नापासून पाहिला नव्हता.

विल्फ : महिनाभर भाजीच्या वाफ्यात बसून होतो. कुणी हाक मारली तरी मान वर केली नाही.

एड्रियन : मुद्दा समजून घ्या. हा वॉर्ड टॉलरसाहेबांचा. वर्षानुवर्षांचा. इथे आपली करदाता आघाडी लढत नाही, नुसती उभी राहते. मतपत्रिकेवर आपलं कुणीतरी दिसावं, म्हणून एक नाव द्यायचं. आणि आपल्या मिसेस पेनफोल्डच्या वॉर्डात त्यांचं नगरहित मंडळ असंच एक नाव देतं. सभ्य माणसांमधली समजूत आहे ही.

पॉलीन : तिकडचं ते नाव कोण म्हणे?

एड्रियन : एक गृहस्थ आहेत. सध्या ते पोर्तुगालला असतात.

विल्फ : मग मलाही पोर्तुगालला धाडायचं होतंत. मी नको म्हटलं नसतं.

एड्रियन : सगळं सुरळीत होतं. त्या मुलाखतीने घात केला.

विल्फ : मुलाखत कसली? फोन आला होता.

पॉलीन : आणि तो का आला, तेही सांग की एड्रियन. पेपरवाल्यांना प्रत्येक उमेदवाराचे चार शब्द हवे होते. विल्फचे तू लिहून पाठवणार होतास.

एड्रियन : राहून गेलं. माझ्यामागे काय कमी व्याप होते?

विल्फ : पोरगी बिचारी चांगली होती. म्हणाली, मिस्टर गार्बट, तुमचं धोरण काय? मी म्हटलं, बाजारातले संडास उघडा. ती म्हणाली, आणखी? मी म्हटलं, बस.

एड्रियन : बस! आणि तिने ते जसंच्या तसं छापलं. टॉलरसाहेबांनी अर्धा रकाना लिहून दिला होता. परंपरा आणि प्रगती यांचा समतोल, हिरवं स्कारबेक, सुंदर स्कारबेक. आणि त्याच्या शेजारी तुमचा फोटो, खाली एक ओळ, आणि त्या ओळीत... तो शब्द.

पॉलीन : कोणता? संडास?

एड्रियन : सार्वजनिक प्रसाधनगृह म्हणता आलं असतं.

पॉलीन : आलं असतं, पण घाई लागलेल्या माणसाला एवढा लांबलचक शब्द परवडत नाही रे.

विल्फ : खाटकाने कात्रण काचेवर लावलं. मग बेकरीवालीने लावलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पॉलीन : चर्चच्या फलकावरही लागलं होतं. फक्त तिथे त्या शब्दावर पांढरा कागद डकवला होता. मग काय, जो तो कागद वर करून बघायचा. रविवारी प्रार्थनेला येत नाहीत एवढी माणसं फलकापाशी जमली.

एड्रियन : हसा, हसा. मघाशी मी तिकडे काय भोगलं ते तुम्हाला माहीत नाही. शंकास्पद मतपत्रिका तपासायला निवडणूक अधिकाऱ्यांनी आम्हाला टेबलाशी बोलावलं. एका मतदाराने तुमच्या नावापुढे फुली मारायच्या ऐवजी चित्र काढलंय.

विल्फ : कशाचं?

एड्रियन : कशाचं असणार! टॉलरसाहेब म्हणाले, ही खुर्ची आहे, यातून मतदाराचा हेतू स्पष्ट होत नाही, बाद करा. अधिकाऱ्यांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, नाही टॉलरसाहेब, वर टाकी आहे, साखळीही काढली आहे. मत ग्राह्य.

पॉलीन : शाबास! साखळीसकट!

एड्रियन : दुसऱ्या एकाने टॉलरसाहेबांच्या चौकटीत... आता कसं सांगू... शेणाचा पो काढला होता. त्यावर माशासुद्धा होत्या.

विल्फ : मग ते बाद झालं असेल.

एड्रियन : छे! ते टॉलरसाहेबांना मिळालं. चौकटीच्या बाहेर गेलं नव्हतं ना.

पॉलीन : टॉलर काय म्हणाला?

एड्रियन : ‘धन्यवाद’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एकेक मत मोलाचं झालंय त्यांना.

विल्फ : माणूस वाईट नाही तो. मला वाईट वाटतंय त्याच्यासाठी.

एड्रियन : तेच! तेच बोलायला आलोय मी. मिस्टर गार्बट, तुम्हाला ही जागा हवी आहे का? मनापासून सांगा.

विल्फ : नको.

पॉलीन : त्याला विचारू नकोस, मी सांगते. भाजी प्रदर्शनाच्या मंडळाने एकदा त्याला चिटणीस केलं. मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचा, एवढंच काम. आठवडाभर जेवण गेलं नाही. सभेत उभा राहिला आणि म्हणाला, ‘मागच्या सभेत काही झालं नाही.’ आणि बसला.

विल्फ : झालंच नव्हतं काही.

एड्रियन : उत्तम. मग मार्ग सोपा आहे. आता निकाल जाहीर होईल. तुम्ही मंचावर जायचं. हे भाषण मी लिहून आणलंय, छोटंसं आहे. अधिकाऱ्यांचे आभार, मोजणीवाल्यांचे आभार, पोलिसांचे आभार.

विल्फ : पोलीस कुठायत इथे?

एड्रियन : नसले तरी त्यांचे आभार मानायची पद्धत आहे. मग टॉलरसाहेबांच्या दीर्घ सेवेचे आभार. आणि मग एक वाक्य : ‘माझ्या वर्तमानपत्रातल्या विधानाचा संदर्भ वेगळा होता.’

पॉलीन : कोणता रे वेगळा संदर्भ? संडासाला आणि कोणता संदर्भ असतो?

एड्रियन : तो ठेवला आहे मोघम. नंतर पद स्वीकारल्याची सही करायची असते. ती करायची नाही. ठरावीक मुदतीत सही झाली नाही की जागा आपोआप रिकामी. तब्येतीचं कारण सांगू. पोटनिवडणूक लागेल, टॉलरसाहेब परत येतील, तुम्ही तुमच्या वाफ्यात. कुणाला काही नाही.

विल्फ : पॉलीन, हे बरं वाटतंय गं.

पॉलीन : मग घे. मी कुठे अडवतेय? तू दर मंगळवारी कौन्सिलच्या सभेआधी ताप आल्यासारखा बसणार आणि मी तुला सूप भरवणार, त्यापेक्षा बरंच.

विल्फ : पण एक विचारू का एड्रियन? आपण जिंकतोय तर तुम्हाला एवढं वाईट का वाटतंय? हा आपलाच पक्ष ना?

एड्रियन : त्याचं असं आहे... बाजारातली जी इमारत विकली ना—

पॉलीन : जिथे आता कॉफीचं दुकान झालंय. पुरुषांच्या मुताऱ्या होत्या तिथल्या त्याच फरशा घासूनपुसून ठेवल्यात, आणि लोक त्यांना पाठ टेकून चार पौंडांची कॉफी पितात.

एड्रियन : हो, तीच. तो निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून घेतला होता. आणि येत्या महिन्यात बस स्थानकावरचीही विकायची आहे. तिथे नखं रंगवायचं दुकान येतंय. मिसेस पेनफोल्ड आणि टॉलरसाहेब यांनी हस्तांदोलन करून ठरवलंय. आता आपलाच माणूस ‘संडास उघडा’ म्हणून निवडून आला, तर ते विचित्र दिसेल.

विल्फ : म्हणजे बस स्थानकावरचेही जाणार?

एड्रियन : काळाची गरज आहे. कॉफीच्या दुकानात सोय आहेच की.

पॉलीन : आहे. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडा पावतीवर छापतात. पावती हवी तर कॉफी घ्या. रांगेत उभं राहा, कॉफी घ्या. आणि कॉफी प्यायली की काय होतं, ते तुला या वयात कळायचं नाही.

एड्रियन : मिसेस गार्बट, माफ करा, पण आपण या गोष्टीचा फारच बाऊ करतोय. शेवटी मुताऱ्याच त्या! चार म्हाताऱ्या बायका बाजारात यायच्या बंद झाल्या म्हणून काही बाजार ओस पडलेला नाही.

विल्फ : एड्रियन.

एड्रियन : वस्तुस्थिती सांगतोय मी. ज्यांना यायचं ते येतातच.

विल्फ : एड्रियन, गप्प बस.

पॉलीन : नको विल्फ. बोलू दे. त्या चार म्हाताऱ्यांतली एक मी आहे, बाळा.

एड्रियन : मी तुमच्याबद्दल नाही हो बोललो. तुमचे तर गुडघे दुखतात ना? मिस्टर गार्बट म्हणाले होते.

पॉलीन : गुडघ्यांना काही झालेलं नाही. नाचून दाखवू? संडास बंद झाले त्यानंतरच्या एका गुरुवारी मी मासेवाल्याच्या रांगेत होते. पुढे दोघीच उरल्या होत्या. वाटलं, आटपेल. नाही आटपलं. मासेवाला बिचारा भला माणूस, त्याने बादलीभर पाणी मुद्दामच सांडलं आणि ‘अरे, माझ्याकडून सांडलं’ म्हणून ओरडला. म्हणजे सगळ्यांना वाटावं त्याचंच पाणी आहे. त्यानंतर मी बाजारात गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

एड्रियन : मला... मला कल्पना नव्हती.

पॉलीन : कुणालाच नव्हती. मी याच्याशीसुद्धा बोलले नाही. मला बाजार फार आवडायचा रे. मला त्या लोकरवालीशी भांडायला आवडायचं, दर गुरुवारी. आता हा जातो आणि भलत्याच रंगाची लोकर घेऊन येतो आणि मी गप्प बसून त्याचे मोजे विणते.

विल्फ : मला माहीत होतं.

पॉलीन : काय माहीत होतं?

विल्फ : त्या दिवशी आलीस आणि कोट धुवायला टाकलास. म्हणालीस, रस्सा सांडला. बाजारात कुठला आलाय रस्सा?

पॉलीन : मला वाटलं, तुला पटलं.

विल्फ : तुला तसं वाटावं म्हणून गप्प बसलो. मग ती पेपरवाली पोरगी म्हणाली, तुमचं धोरण काय. मला दुसरं काही सुचलंच नाही.

पॉलीन : इतके दिवस माहीत होतं, आणि भलत्या रंगाची लोकर आणत होतास?

विल्फ : मला वाटलं, चिडून एकदा तरी स्वतः जाशील.

पॉलीन : गाढवा.

एड्रियन : मिस्टर गार्बट... बोलावतायत. सगळे उमेदवार मंचाकडे निघालेत. हे भाषण घ्या. ते एक वाक्य हवं तर... हवं तर मी खोडतो.

विल्फ : ठेव तुझ्यापाशीच. आणि ती सही कुठे करायची, ते दाखव.

एड्रियन : पण तुम्ही एकटे काय करणार? दोन्ही पक्ष विरोधात आहेत. तुमचा पक्षसुद्धा!

विल्फ : मंगळवारी उभं राहायचं आणि विचारायचं, कधी उघडताय? मग बसायचं. पुढच्या मंगळवारी परत उभं राहायचं. एवढं जमेल मला.

पॉलीन : आणि आत्ता मंचावर काय बोलशील?

विल्फ : तेच. तू समोर उभी राहा, मला दिसशील अशी. म्हणजे मला ते बाकीचे दिसणार नाहीत.

पॉलीन : राहते की. पण... विल्फ, मला जरा जाऊन यावं लागेल. हे एक बरं आहे इथे, दार उघडं असतं. तू हो पुढे.

विल्फ : नाही. तू ये जाऊन. सावकाश.

एड्रियन : मिस्टर गार्बट, चला ना! अधिकारी माइकपाशी उभे आहेत. टॉलरसाहेब आहेत, मिसेस पेनफोल्ड आहेत, अख्खं कौन्सिल तुमच्यासाठी ताटकळलंय!

विल्फ : ताटकळू दे जरा. कसं वाटतं ते कळू दे.