बाटलीच्या तळचा घोट

हॅलो?… हॅलो, वाशीमचा दवाखाना… हो, मी जगदेवच बोलून राह्यलो. कोन? रंगू? अवं, कारंज्यावून ट्रंक-कॉल लावला तुनं? शेठ रागावतीन ना… बरं, कापसाचं जिनिंग बंद, हापिसात कोनी नाई. मजा हाये मुनिमाच्या पोरीची.

डॉक्टरसाहेब? ते किन्हीराजाले गेले, बाळंतपनाले… मले सांग ना. सुटीत मीच बसतो इथं.

काय म्हने? काशीच्या कॉलेजात जाऊन पुड्या बांधाले शिकलो? कोन म्हने, बाबा?… त्यायले सांग, पुड्या पयल्याच सालात झाल्या. आता झाडाच्या साली दुर्बिनीखाली पाह्यतो. कोन्तं औषध कशात विरघळते, कोन्तं कोन्त्याशी भांडते… हो, हो, औषधं बी भांडतात. जावा-जावांवानी, एका घरात नांदत नाईत… हास, हास. काम सांग आता.

आपल्या बाबाची बाटली सरली? बरे हायेत ना पन? झोप लागते?… चांगलं झालं. कोन्ती सरली, ताकदीची का झोपेची?

…एकच कशी? डॉक्टरसाहेबानं दोन देल्या होत्या वो. ताकदीची तांबूस, झोपेची पांढरी.

मायनं एकात ओतल्या? काहून?… एकाच पोटात जाते म्हून. आन रिकामी बाटली घासलेटाले झाली… नाई, रागावत नाई. अवं ऐक ना. बाटली हालवून घेत होते ना बाबा?… नाई? गाळ उठते म्हून? रांजनाखालच्या रेतीत ठेवली, आन वरचं वरचं निवळून घेतलं… अवं, ते काय नदीचं पानी हाये?

थांब. तळाले काय होतं?

साखर… कशी साखर?

सुयांवानी. चमकत होती… रंगू, आता नीट ऐक. तो शेवटचा घोट बाबाले देऊ नोका. देल्ला का?… नाई घेतला? नक्की? बाबा कोठी हायेत?… कामरगावले गेले. सकाळीच, बैलाच्या खाचरात बसून. चांगले होते ना?… मंग वाचलो वो आपन.

सांगतो ना. ताकदीच्या औषधात कुचला असते. जहरच ते, पन थेंबाथेंबानं पोटात गेलं तर ताकद देते. झोपेच्या औषधातलं ब्रोमाइड नावाचं मीठ त्यात पडलं, की ते जहर गोठते आन तळाले बसते. वरच्या घोटांत काहीच नाई. समदं जहर शेवटच्या घोटात… हो, हेच शिकवतात आमाले. पुड्या नाई. ती बाटली तशीच ठेव, मी…

धुतली? कोनं?… मायनं. तळचं मोरीत फेकलं ना?

नाई फेकलं? मंग?

…प्याली.

घरधन्याचं उरलेलं म्हून… अवं, ताटातलं उरलेलं खाते ते समजलो, औषधाचं बी घ्याचं असते काय? पानी टाकून खंगाळून… हो, तिचे गुडघे दुखतात, मालूम हाये मले. तिच्यासाठी कोनी कधी बाटली आनलीच नाई. कधी प्याली?… आत्ताच, जेवल्यावर. कोठी हाये ती?

तिथंच? हापिसात, फोनच्या खाली, तुह्या पायाशी. काय करून राह्यली?

हासून राह्यली?

कायले?… तू काही बोलली का तिले?… नाई. ती बी बोलत नाई. नुसती तुह्याकडं पाहून हासून राह्यली… डोये पाह्य तिचे. डोये हासून राह्यले का?

नाई ना.

रंगू, ते हासनं तिचं नाई. तिचे गाल आपोआप ओढल्या जाऊन राह्यले, तिच्या हातात नाई ते. तिले हात नोको लावू…

लावला? मंग?… पाठ कमानीवानी झाली. टाचा आन डोकं, बस, तेवढंच जमिनीले… मी आयकून राह्यलो. सांग… आता सैल पडली? श्वास चालू हाये?… हाये. चांगलं.

रडू नोको. हळू बोल, आनखीन हळू. तिले समदं आयकू येते, समदं समजते. आवाज झाला, हात लागला, उजेड पडला, की पुन्हा ताठते. जेवढे झटके कमी, तेवढी ती आपली. दार लोटून घे. हातातल्या बांगड्या काढ… हो, त्याचा बी आवाज नोको. खिडकीतून फाटकावरच्या उदयसिंगाले खुनेनं बलाव, सरकारी डॉक्टराले घेऊन ये म्हन, धावत जाय. पन फाटकाची साखळी वाजवू नोको म्हन.

वाचंल ना?… वाचतात वो. अंधार आन शांतता ठेवली तर पुष्कळ वाचतात. मले भेव लागून राह्यला, रंगू, खोटं कायले सांगू. पन तू हाये तिथं. तू हालू नोको.

डोये उघडे हायेत? माह्याच नावानं ओठ हालवते?… तिले काही म्हनू नोको. मी निघतोच. फोन तसाच… हॅलो?

रंगू?

हॅलो, एक्सचेंज? लाइन तुटली भाऊ, कारंज्याची… नाई, नोको. पुन्हा जोडू नोका. तिथं फोनच्या खालीच माही माय पडून हाये, आवाज सहन नाई होत तिले… नाई भाऊ, चूक तुमची नाई, माफी कायले मांगता, फक्त तिकडं घंटी देऊ नोका…

देल्ली?