मेन स्विच

दोन हजार बारा साली गॅरेजच्या बाकावर एक आजी दुरुस्तीला दिलेल्या स्कूटरची वाट बघत होत्या. शेजारी एका भाऊ-बहिणीची जुंपली होती. वारलेल्या वडिलांच्या विजेवरच्या स्पोर्ट्स कारची बॅटरी कायमची मेल्याचं मेकॅनिकने नुकतंच सांगितलं होतं.

"दादा, गाडी उभी असली तरी चार्जर सतत चालू ठेव, नाहीतर बॅटरी पार उतरून मरेल, हे बाबा सांगून गेले होते."

"लावलेलाच होता गं. गावाला जाताना मेन स्विच बंद केला. आपल्या घरात सगळेच करतात."

"आणि वर्षभर फिरकला नाहीस. अशा गाड्या जगात मोजक्या. मी मागितली, तर म्हणालास, बाईमाणसाला काय करायचीय."

"नवी बॅटरी टाकू की."

"ती बनवतच नाहीत आता. आण ती किल्ली."

"मेलेल्या गाडीची?"

"आण म्हणते ना."

पुढे बहिणीने अपघातात मोडलेल्या तसल्याच गाडीची बॅटरी मिळवून बसवली, असं मेकॅनिकने आजींना सांगितलं. भाऊ डिझेलवर फिरतो. तिने त्याला अजून आपल्या गाडीत बसू दिलेलं नाही.