खिडकीची जागा

कॅम्प चारहून अंबरनाथ एमआयडीसीला जाणाऱ्या बसमध्ये विष्णुपंतांनी पेपर उघडला होता खरा, पण त्यांचे कान पुढच्या बाकावर होते. तिथे खिडकीशी ऑफिसला निघालेली एक मुलगी होती आणि तिच्या शेजारी जरीकाठी साडीतल्या एक बाई.

"या बसनं मीनल नावाची मुलगी जाते म्हणे. ओळखतेस?"

"चांगलीच. काय काम होतं, काकू?"

"आमच्या मुलाला सांगून आलीय. म्हटलं, आधी गुपचूप चौकशी करावी. स्वभावाला कशी आहे?"

"भांडकुदळ. खिडकीची जागा तर कुणाला म्हणून देत नाही."

"अगंबाई. आणि स्वयंपाक?"

"तिच्या डब्याला ऑफिसात कुणी हात लावत नाही."

"लग्नानंतर नोकरी सोडेल?"

"मुळीच नाही. ते घरी आधीच सांगून टाका."

"सांगितलंय मी, सोडायची नाही म्हणून. लग्नात मी शाळेतली नोकरी सोडली. अजून सकाळी दहा वाजले की हात पर्स शोधतो."

शिवमंदिराचा स्टॉप गेला, तशी मुलगी उठली.

"काकू, तुम्ही बसा खिडकीशी."

"का गं? मीनल कुणाला जागा देत नाही ना?"

"म्हणजे तुम्हाला..."

"तुझा फोटो महिनाभर आमच्या टीव्हीपाशी ठेवलाय, बाई. आता एक कर. रविवारी बघायला येऊ तेव्हा मान खाली घालून गप्प बसू नकोस. मला वाटेल, भलतीच मुलगी दाखवली."