डोक्यावरून कान

जिंजा शहराजवळच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाची रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या नबिर्येच्या पुढे एक आजी नातीची तयारी करून घेत होती.

"मिरेंबे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. आपल्याकडे जन्माचा दाखला नाही. कान पकडता आला तरच वय भरलं असं धरून घेतील."

"पोचत नाही गं."

"मग पुढच्या वर्षी. मलाही तीनदा परत धाडलं होतं."

"चौथ्यांदा पोचला?"

"पोचला की. पण तोवर धाकटी भावंडं माझ्या गळ्यात पडली होती."

"हा बघ, पकडला."

"लबाडे, मान वाकडी केलीस."

"मान सरळ ठेव असं कुठे म्हणालीस?"

आजीने रांगेच्या टोकाला बसलेल्या सरांकडे पाहिलं.

"मला तेव्हा हे सुचलं नाही गं. बरं, सरांपुढे लाजल्यासारखं करून मान वाकव."